‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणण्याआधी

‘फॉरमॅट मारावा लागेल.’ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे तीन शब्द इतक्या सहज कानावर पडतात की गिऱ्हाईकही मान डोलावून मोकळं होतं. काळ्या स्क्रीनवर दोन पांढऱ्या ओळी आल्या म्हणजे विंडोज उडालं. विंडोज उडालं म्हणजे नवं टाकायचं, आणि नवं टाकायचं म्हणजे सी ड्राइव्हवर जे काही होतं त्यावर पाणी सोडायचं. डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, पोरीचा अर्धा झालेला प्रोजेक्ट, सगळ्यावरच. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की डिस्कवरचं शंभर एमबीचं एक पार्टिशन तेवढं बिघडलेलं असतं. त्यात तुमची एकही फाइल नसते आणि ते नव्याने उभं करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. मशीन सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांची गल्लत आपण स्वतःच फॉरमॅट मारून घडवून आणतो.

हे वेगळेपण कळायला बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत काय घडतं ते पाहावं लागतं. वीज मिळाल्यावर प्रोसेसरला विंडोज ठाऊक नसतं, सी ड्राइव्हही ठाऊक नसतो. मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, तेवढा तो चालवू शकतो. फर्मवेअर रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतं आणि मग त्याला पुढचा प्रोग्रॅम शोधायचा असतो. तो शोधायचा कुठे, याच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, बायोसची. दुसरी नवी, यूईएफआयची. आज आपल्याकडे घराघरांत दोन्ही नांदत आहेत आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जुनी पद्धत हार्ड डिस्कला लागू झाली ती १९८३ साली. आयबीएमने त्या वर्षी १० एमबीची हार्ड डिस्क बसवलेला पीसी एक्सटी बाजारात आणला आणि त्याच्यासोबत डॉसची २.० ही आवृत्ती आली. नियम अगदी साधा ठेवला होता: डिस्कचा पहिला सेक्टर उचलायचा, मेमरीत टाकायचा आणि चालवायचा. त्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर म्हणतात. त्याची एकूण जागा ५१२ बाइट. पैकी ४४६ बाइटमध्ये प्रोग्रॅम, ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे ‘हा सेक्टर चालवण्याजोगा आहे’ अशी खूण. तक्त्यात चारच ओळी, प्रत्येकी १६ बाइटच्या. म्हणून मूळची पार्टिशनं चारच. सेक्टरचे आकडे लिहायला ३२ बिटांचीच जागा असल्यामुळे २ टीबीच्या पुढची डिस्क या तक्त्याला मोजताच येत नाही.

हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठल्या गटाची हद्द कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. सातबारा जळाला म्हणून शेत नाहीसं होत नाही, उभं पीकही तिथेच असतं; फक्त कोणाचं काय आहे ते सांगता येत नाही. पार्टिशन ‘डिलीट’ केल्यावर घडतं ते एवढंच. हे मनात पक्कं असलं की पुढे हात थरथरत नाहीत.

पहिलाच सेक्टर डोळे झाकून चालवायचा म्हटल्यावर तिथे घुसणारेही आले. १९९० साली भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. तो बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि दर ५ जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा म्हणायचा. शुभेच्छा दिल्या की मशीन निमूट पुढे चालायचं. हे जोशी कोण, हा प्रश्न त्या काळच्या सदाशिव पेठेत कसा चघळला गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी. सत्तावीस वर्षांनी आलेल्या नॉटपेट्यात मात्र गंमत नव्हती. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत तो सुटला. तो एमबीआरवर आपला प्रोग्रॅम लिहायचा, मशीन रीस्टार्ट करायचा आणि डिस्क तपासणी चालल्याचा देखावा करत फाइलींची मूळ यादीच कुलूपबंद करून टाकायचा. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम त्यात कोलमडलं, आणि उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात त्यांच्या समूहाकडे असलेलं कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं.

नव्या पद्धतीची सुरुवात इंटेलने नव्वदच्या दशकात आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी केली. २००५ मध्ये कंपन्यांनी मिळून यूईएफआय फोरम स्थापन केला आणि ती सगळ्यांची झाली. इथे पहिल्या सेक्टरवर आंधळा विश्वास नाही. फर्मवेअरला फॅट प्रकारची फाइल सिस्टीम वाचता येते. म्हणून डिस्कवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं एक छोटं पार्टिशन ठेवायचं, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर करायचं आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमने त्यात आपापली सुरू करणारी फाइल ठेवायची. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात, उबुंटूची उबुंटूच्या. कुठली फाइल आधी चालवायची तो क्रम मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत नोंदलेला असतो. ती नोंद पुसली गेली तर फर्मवेअर ईएफआयमधल्या बूट नावाच्या फोल्डरात एका ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होतं ते याच ठरलेल्या नावाच्या जोरावर.

सोबत तक्ताही बदलला. नव्या तक्त्याला जीपीटी म्हणतात. विंडोजमध्ये त्यात १२८ ओळी असतात आणि आकड्यांना ६४ बिटांची जागा. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी मात्र आणखी दोन: तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते, आणि दोन्ही प्रतींवर त्या शाबूत आहेत का हे कळण्यासाठी तपासणीचा आकडा असतो. सुरुवातीची प्रत खराब झाली तर शेवटच्या प्रतीवरून ती परत लिहिता येते. जीडिस्क नावाचं मोफत साधन हे काम करतं. एमबीआरच्या काळात ही सोय नव्हती.

नव्या तक्त्यात प्रत्येक प्रकारच्या पार्टिशनला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. लिनक्सच्या ग्रब या बूट लोडरला जुन्या बायोसवर जीपीटी डिस्क चालवायची असेल तर एक चिमुकलं पार्टिशन लागतं. त्याचा ओळखक्रमांक अक्षरांत उलगडला की ‘हा! मला ईएफआयची गरज नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य निघतं. तांत्रिक दस्तऐवजात कुणीतरी उमटवलेला हा खोडसाळपणा आजही लाखो डिस्कांवर जसाच्या तसा आहे.

आता मायक्रोसॉफ्टने घातलेला घोळ. सामान्य माणूस म्हणेल की मशीन जिथून बूट होतं ते बूट पार्टिशन आणि सिस्टीमच्या फाइली जिथे आहेत ते सिस्टीम पार्टिशन. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत नेमकं उलटं आहे. मशीन सुरू करणाऱ्या फाइली असलेलं ते ‘सिस्टीम’ पार्टिशन, आणि विंडोजचं फोल्डर असलेलं, म्हणजे आपलं सी, ते ‘बूट’ पार्टिशन. खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. छोट्या तुकड्यावर ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ लिहिलेलं दिसेल आणि सी ड्राइव्हखाली कंसात ‘बूट’. हा उलटा नामकरण विधी विंडोज एनटीच्या दिवसांपासून चालत आला आहे आणि आता कुणी तो बदलणार नाही. लिनक्समध्ये बूट म्हणजे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठेवलेलं फोल्डर, ते बऱ्याचदा वेगळ्या पार्टिशनवरही असतं. त्यामुळे नेटवर सापडलेला उपाय वाचताना लिहिणारा विंडोजवाला की लिनक्सवाला हे आधी पाहावं.

दोन पार्टिशनं लागतातच कशाला? कारण फर्मवेअरला सी ड्राइव्ह वाचता येत नाही. सी असतो एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये, वर बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजच्याच बिटलॉकर या एन्क्रिप्शनने कुलूपबंद. म्हणून फर्मवेअर छोट्या फॅट पार्टिशनमधून विंडोज बूट मॅनेजर उचलतं. या मॅनेजरला एनटीएफएस वाचता येतं, बिटलॉकरचं कुलूप उघडता येतं. त्याच्या शेजारी बीसीडी नावाची एक छोटी नोंदवही असते. कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवर विंडोज आहे ते तीत लिहिलेलं असतं. मॅनेजर ती वाचतो आणि सी मधला विनलोड चालवतो. विनलोड कर्नल आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर मेमरीत चढवतो. मग कर्नल ताबा घेतं. एक्सपीपर्यंत हेच काम एनटीएलडीआर आणि बूट डॉट आयएनआय करत. बूट मॅनेजर आणि बीसीडी आले व्हिस्टाबरोबर. विंडोज ७ ने जुन्या बायोसवाल्या मशीनवरही १०० एमबीचं ‘सिस्टीम रिझर्व्हड्’ वेगळं काढायला सुरुवात केली, त्यामागेही बिटलॉकरच होता. कुलूप उघडणारा कुलपाच्या आत ठेवून कसं चालेल?

डिस्क मॅनेजमेंट उघडलंच आहे तर बाकीचे तुकडेही पाहून घ्या. १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन असतं, ते तिथे दिसतही नाही. सी च्या मागोमाग पाचशे एमबी ते एक जीबीच्या आसपासचं रिकव्हरी पार्टिशन असतं. त्यात छोटेखानी विंडोज आहे, मुख्य विंडोज आजारी पडल्यावर उठणारं. सी वाढवायचा म्हणून डी काढून जागा मोकळी केली तरी ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट राहतं, कारण मध्ये हे रिकव्हरी पार्टिशन उभं असतं आणि विंडोजला फक्त लगतची जागा जोडता येते. मग कुणीतरी व्हिडिओ पाहून ते उडवतं. मशीन त्या दिवशी व्यवस्थित चालतं, आणि गरज पडते त्या दिवशी दुरुस्तीचा पडदाच उघडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये उलट्या बाजूने हाच प्रश्न आला. मायक्रोसॉफ्टने रिकव्हरीसाठीचं एक सुरक्षा अपडेट सोडलं आणि हे पार्टिशन लहान पडत असल्यामुळे असंख्य मशीनवर ते बसेना. पार्टिशन स्वतः मोठं करा म्हणून कंपनीने ज्या पायऱ्या दिल्या, त्या वाचून घरगुती वापरकर्त्याने कपाळावर हात मारला असेल.

बिघाड कुठे आहे ते स्क्रीनवरची ओळ बऱ्यापैकी सांगते. दुकानात जाण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला काहीच लागत नाही. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ आलं तर फर्मवेअरलाच पुढचं काही सापडलेलं नाही. डिस्क मेली असेल, केबल निसटली असेल, बूटचा क्रम बदलला असेल किंवा ईएफआय पार्टिशन गेलं असेल. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ जुन्या पद्धतीच्या मशीनवर येतं. तिथे एमबीआरपर्यंत गाडी ठीक आली आणि पुढची फाइल मिळाली नाही. निळ्या पडद्यावर शेवटी ‘सी००००००एफ’ किंवा ‘सी०००००९८’ असा क्रमांक दिसला तर बहुधा बीसीडीच्या नोंदवहीत घोळ आहे. आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे कर्नल सुरू झालं, पण सी ज्या डिस्कवर आहे ती त्याला हाताळता येईना. इथलं ‘बूट’ मायक्रोसॉफ्टच्या अर्थाने, हे लक्षात असू द्या.

या शेवटच्या दोषाचं आपल्याकडचं एक कारण इतकं क्षुल्लक आहे की ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल. पाच-सात वर्षं झालेल्या डेस्कटॉपमध्ये तो संपतो, मेन स्विच बंद केला की फर्मवेअरच्या सेटिंगा मूळ पदावर जातात, घड्याळ भलत्याच सालात जातं. डिस्क हाताळण्याची पद्धत बदलते, किंवा यूईएफआयचं लेगसी, म्हणजे जुनी बायोसची पद्धत, होतं, आणि काल चाललेलं विंडोज आज सुरू होत नाही. किराणा दुकानातही मिळेल असा हा सेल, सीआर२०३२. तो बदलून सेटिंग पूर्ववत केली की काम झालं. तारीख चुकलेली दिसली तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा.

विंडोज ११ साठी जुनी मशीन तयार करतानाही असाच पेच पडतो. त्याला यूईएफआय लागतं, म्हणून कुणी बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय करतं आणि डिस्क मात्र एमबीआरच राहते. तिच्यावर ईएफआय पार्टिशनच नाही, तर फर्मवेअर वाचणार काय? सेटिंग परत फिरवली की मशीन सुरू होतं. बदल करायचाच असेल तर एमबीआरटूजीपीटी हे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच येतं. ते आधी डिस्कची तपासणी करतं, मग तक्ता बदलतं, ईएफआय पार्टिशन घालतं. फर्मवेअरची सेटिंग त्यानंतर बदलायची.

दुकानांत अलीकडे सर्वाधिक दिसणारा प्रकार मात्र जुन्या हार्ड डिस्कशेजारी नवी एसएसडी बसवल्याचा आहे. एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली राहते. इन्स्टॉलरला तिच्यावर तयार ईएफआय पार्टिशन दिसतं आणि तो सुरू करणाऱ्या फाइली तिथेच ठेवतो. विंडोज नव्या डिस्कवर, बूट मॅनेजर जुन्या डिस्कवर. वर्ष-दोन वर्षं काहीच जाणवत नाही. मग जुनी डिस्क कुरकुरायला लागते, ती काढून टाकली जाते, आणि नवीकोरी एसएसडी ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणते. एसएसडीला शिव्या बसतात, तिचा काही दोष नसतो. जाणता तंत्रज्ञ विंडोज टाकण्याआधी बाकीच्या डिस्कांच्या वायरी काढून ठेवतो तो याचसाठी.

आता दुरुस्ती. हात घालण्याआधी एक गोष्ट पाहायची: डिस्क स्वतः ठीक आहे का? हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, मशीन फार वेळ घेत असेल, डिस्क मध्येच दिसेनाशी होत असेल, तर पार्टिशनच्या दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो. अशा डिस्कवर विंडोजची चेकडिस्क ही तपासणी चालवणं म्हणजे उरलंसुरलं आयुष्य खर्च करणं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या साधनाने तिची प्रत घ्यावी आणि जे काही करायचं ते प्रतीवर. आवाज करणारी डिस्क तर चालूच ठेवू नये. तिच्यातला डेटा मोलाचा असेल तर ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जाऊ द्यावी.

दुसरी अट बिटलॉकरची. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, घरगुती आवृत्तीतही, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने. मालकाला अनेकदा त्याचा पत्ताच नसतो. बूटच्या साखळीत काही बदललं, फर्मवेअरची सेटिंग हलली किंवा मदरबोर्ड बदलला, की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून पाहता येते. मात्र ते खातं दुकानदाराने विकताना स्वतःच्याच कुठल्या ईमेलवर काढून दिलेलं असेल, तर ते ईमेल ज्याला आठवतं त्याच्या दारी जावं लागतं. की नसेल तर डेटा खरोखरच गेला. इथे कुठलीही युक्ती चालत नाही, आणि चालते म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. म्हणून मशीन धड असतानाच ती की कागदावर उतरवून घ्यावी.

एवढं झालं की आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून विंडोजचा इन्स्टॉलर तयार करायचा, त्यावरून मशीन सुरू करायचं आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडायचं. आधी स्टार्टअप रिपेअरला संधी द्यावी. त्याचं नाव बद्दू आहे, तरी सोप्या दोषांत ते कामाला येतं. नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्ट. इथे बहुतेक मार्गदर्शक बूटरेकच्या तीन कमांड सवयीने घोकवतात: फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रिबिल्डबीसीडी. यूईएफआय मशीनवर पहिलीचा काही उपयोग नाही, दुसरी ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून हात वर करते आणि माणूस हताश होतो. तिथे खरी कामाची कमांड वेगळीच आहे, बीसीडीबूट.

तिच्यासाठी दोन पत्ते लागतात: विंडोज कुठल्या अक्षरावर आहे आणि ईएफआय पार्टिशन कुठल्या. दुरुस्तीच्या पडद्यावर अक्षरं नेहमीची नसतात. आपला सी तिथे डी किंवा ई होऊन बसलेला असतो, त्यामुळे एकेका अक्षराची यादी काढून विंडोजचं फोल्डर शोधायचं. ईएफआय पार्टिशनला तर अक्षरच नसतं. डिस्कपार्ट या साधनात जाऊन व्हॉल्यूमची यादी पाहायची, शंभर एमबीच्या आसपासचं फॅट३२ दिसेल ते निवडायचं आणि त्याला एस अक्षर द्यायचं. बाहेर येऊन बीसीडीबूटला सांगायचं: विंडोजचं फोल्डर हे, सिस्टीम पार्टिशन एस, प्रकार यूईएफआय. ती विंडोजच्या फोल्डरातल्या मूळ प्रती एस वर नेते, बीसीडीची नोंदवही नव्याने लिहिते आणि फर्मवेअरच्या क्रमात नाव घालते. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ अशी ओळ आली की झालं. ईएफआय पार्टिशन मुळातच नसेल, तर डिस्कपार्टमध्येच मोकळ्या जागेत शंभर एमबीचं नवं काढून फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचं आणि मग तीच कमांड. वर सांगितलेल्या एसएसडीचं दुखणं अशाने जातं. मोकळी जागा नसेल तर सी थोडा आक्रसावा लागतो.

डिस्कपार्ट मात्र विळ्यासारखं धारदार आहे. चुकीच्या क्रमांकाची डिस्क निवडून ‘क्लीन’ म्हटलं तर ते एकदाही ‘नक्की का?’ विचारत नाही, सगळा तक्ता पुसून टाकतं. दर पायरीला यादी मागवून तारांकित ओळ कुठली ते पाहण्यात कंटाळा करू नये.

असा तक्ता पुसला गेलाच, किंवा डी ड्राइव्ह नजरचुकीने डिलीट झाला, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. विंडोज ‘इनिशियलाइझ करा’ म्हणेल, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ म्हणेल, दोन्हीला कॅन्सल. ख्रिस्तोफ ग्रनिए यांनी लिहिलेलं टेस्टडिस्क हे मोफत साधन डिस्कचा एकेक सेक्टर वाचत जुन्या हद्दीच्या खुणा शोधतं. त्या खुणा असतात, कारण एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरची प्रत त्याच पार्टिशनच्या शेवटी ठेवलेली असते आणि फॅट३२ आपली प्रत सहाव्या सेक्टरवर ठेवते. सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइलींची यादी टेस्टडिस्क दाखवतं, ती ओळखीची वाटली तरच नवा तक्ता लिहू द्यायचा. त्याआधी फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या तर आणखी बरं. हा दिलासा एसएसडीवर अर्धाच खरा आहे. तिथे फॉरमॅट केल्याबरोबर विंडोज डिस्कला ‘ही जागा आता नको’ असा ट्रिमचा निरोप पाठवतं आणि डिस्क ती आतून रिकामी करायला घेते. पूर्वी फॉरमॅटनंतरही फोटो परत मिळाल्याचे किस्से हार्ड डिस्कच्या काळातले.

दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याने काय फरक पडतो ते जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ईएफआय पार्टिशन धड होतं, बीसीडी धड होती, कर्नलही चढत होतं. मग सी वरच्या विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरातली एक छोटी फाइल वाचताना सगळं कोसळत होतं. उपाय होता सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जाऊन ती फाइल उडवणं. फॉरमॅटची गरज नव्हती. पण पुष्कळ मशीनसमोर माणसाने स्वतः जाऊन बसावं लागलं, आणि बिटलॉकरची ती ४८ आकडी की प्रत्येक मशीनची वेगळी. काम लांबलं ते तिथे.

राहता राहिलं लिनक्स. विंडोजशेजारी उबुंटू टाकलेल्या लॅपटॉपवर काही महिन्यांनी उत्साह ओसरतो आणि विंडोजमधून उबुंटूचं पार्टिशन डिलीट होतं. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ किंवा नुसतं ‘ग्रब’. कारण फर्मवेअरच्या क्रमात पहिलं नाव अजून उबुंटूचं आहे, ईएफआय पार्टिशनमधला ग्रब उठतो आणि त्याच्या बाकीच्या फाइली असलेलं पार्टिशन गायब असतं. विंडोजला धक्काही लागलेला नसतो. सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा, विंडोज येईल. मग फर्मवेअरमध्ये त्याला वर न्या. शहाणपणाचा क्रम याच्या उलटा: आधी विंडोज वर न्यायचं, मग उबुंटूचं पार्टिशन काढायचं. ईएफआय पार्टिशनात उबुंटूचं फोल्डर तेवढं मागे राहतं, काही एमबींचं. ते काढता येतं, पण नाही काढलं तरी त्याने बिघडत काही नाही.